मार्टिन लूथराचे घर व त्याची लेकरे

मार्टिन लूथर हे नाव आमच्या वाचकांस नवीन नाही. सन १५१७ च्या ऑक्टोबर महिन्यात पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध ९५ विधाने मांडणारा, सन १५२१ साली वर्म्स शहरी बादशहापुढे निर्भयपणे उभा राहणारा व पवित्र शास्त्र जर्मन लोकांच्या बोलीत आणणारा, असा तो पुरुष, हे आपण उपदेशांतून पुष्कळदा ऐकले आहे. परंतु हा मनुष्य घरी कसा असे, लेकरांशी कसा वागे, सणावारी व प्रवासात त्याच्या कुटुंबावर कोणते प्रसंग गुदरले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांस त्याच्या उंबरठ्याच्या आत नेतो.

त्याची पत्नी कॅथरिना हिचा जन्म सन १४९९ चा. लहानपणीच तिला मठात ठेवण्यात आले व पुढे ती तेथेच जोगीण झाली. लूथराची शिकवण मठाच्या भिंतीआड पोहोचली, तेव्हा तिच्या व तिच्या सोबतिणींच्या मनास चैन पडेना. सन १५२३ साली ईस्टरच्या आदल्या रात्री टोरगाऊ गावच्या लिओनार्ड कोप्पे नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या गाडीतून बारा जोगिणींस बाहेर काढले. हा गृहस्थ मठास खारे मासे पुरवीत असे. त्यांपैकी नऊ जणी विटेनबर्ग येथे लूथराकडे आल्या. बाकीच्यांची सोय लागली, कॅथरिना मात्र राहिली, आणि ता. १३ जून १५२५ रोजी लूथराने तिच्याशी लग्न केले. त्याचे वय ४१, तिचे २६. संन्यासी व जोगीण ह्यांचे लग्न म्हणजे त्या काळी केवढा गहजब! शत्रू हसले आणि मित्रांपैकीही कित्येक नाराज झाले. विश्वासासाठी ज्यांनी आपल्या भावकीची बोलणी ऐकली आहेत, त्यांस ही गोष्ट अधिक सांगावयास नको.

राजाने त्यांस राहावयास एक ओस पडलेला मठ दिला. लग्नापूर्वी लूथर तेथे कसा राहत होता ते त्यानेच सांगून ठेवले आहे. वर्षभर त्याचे अंथरूण कोणी झाडले नव्हते व घामाने पेंढा कुजून गेला होता, पण दिवसभराच्या श्रमाने तो तसाच त्यावर पडून झोपी जाई. बाईने येऊन हे सर्व पालटले. पगार वर्षाला २०० गुल्डेन. लूथर आपल्या पुस्तकांबद्दल छापणाऱ्यांकडून एक पैसा घेत नसे, आणि दारी आलेल्यास घरातले चांदीचे भांडेसुद्धा देऊन टाकी. अशा घरात चाळीस खोल्यांचा पसारा, भाचरे, अनाथ मुले, विद्यार्थी व सतत येणारे पाहुणे! बाईने गाई व डुकरे पाळली, बाग लावली, तळ्यात मासे धरले, जमीन केली, घरची बीरही तीच करी. (त्या देशी जेवणाबरोबर बीर घेण्याची चाल होती. आमच्या मंडळीतील कोणी ह्याचा आधार घेऊन गुत्त्याकडे वळू नये.) ती पहाटे चार वाजता उठे, म्हणून लूथर तिला विटेनबर्गची शुक्राची चांदणी म्हणे. लूथराची कीर्ती जगभर झाली, पण ती ज्या चुलीच्या आधाराने झाली तिचे नाव लोक क्वचितच घेतात, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

त्यांस सहा लेकरे झाली. थोरला हान्स सन १५२६ चा. तो दुसऱ्या वर्षात असता विटेनबर्ग येथे मरी आली. विद्यापीठ दुसऱ्या गावी हलले, पण लूथर आपली मंडळी सोडून गेला नाही. घरच इस्पितळ झाले, हान्स आजारी पडून कित्येक दिवस जेवला नाही आणि बाई गरोदर. अखेर घरची माणसे वाचली. पाच डुकरे मात्र गेली, आणि मरीने तेवढ्यावरच समाधान मानले असे लूथराने मित्रास विनोदाने कळविले. त्याच डिसेंबरात एलिझाबेथ जन्मली, पण ती आठ महिन्यांची होऊन वारली. त्यानंतर मग्दालेना, मार्टिन, पौल व मार्गारेटा अशी चार लेकरे झाली.

लूथर लिहीत बसला की हान्स जवळ येऊन गाणे म्हणत असे. आवाज फार वाढला म्हणजे बाप रागावे; मग पोरगा गाणे सोडी असे नाही, तर भीत भीत हळू म्हणे. घरात एक कुत्रा होता. तो मेजावरच्या मांसाच्या तुकड्याकडे टक लावून बसे, आणि इतक्या एकाग्रतेने आपणास प्रार्थना करता आली तर किती बरे होईल, असे लूथर म्हणे. वोल्फ नावाच्या चाकराने पाखरे धरण्यास जाळे मांडले, तेव्हा लूथराने पाखरांच्या वतीने त्याच्याविरुद्ध एक खोटाच तक्रारअर्ज लिहिला. सन १५२९ साली त्याने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, ती घरच्या धन्याने आपल्या लेकराबाळांस व चाकरांस शिकवावी म्हणून. पंडित असूनही तो स्वतः ती लेकरांबरोबर रोज म्हणत असे. आमचे जे शिक्षकबंधू संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मुलांकडून आज्ञा व प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिस्तीच्या बाबतीत तो कडक होता. लहानपणी एका कवचीच्या फळासाठी आईने त्यास रक्त येईपर्यंत मारले होते; त्यावरून छडीच्या शेजारी सफरचंद असावे असे त्याचे मत झाले. तथापि एकदा हान्सच्या काही अपराधाबद्दल त्याने तीन दिवस त्याचे तोंड पाहिले नाही. आईने व मित्रांनी रदबदली केली, तरी मुलाने लेखी क्षमा मागेपर्यंत तो द्रवला नाही. हे आम्हांस मानवत नाही. पण थोर पुरुषांचे चरित्र सांगताना गोड तेवढेच सांगावे असेही आम्हांस वाटत नाही.

सन १५३० साली राजकारणामुळे त्यास कोबुर्गच्या किल्ल्यात अनेक महिने घरापासून दूर राहावे लागले. तेथेच त्यास आपला बाप वारल्याची बातमी कळली. बाईने त्याच्या समाधानासाठी वर्षाच्या मग्दालेनेचे चित्र काढवून पाठविले. चित्र इतके काळवंडलेले होते की प्रथम त्यास आपली लेक ओळखता येईना. पण मग त्याने ते जेवणाच्या मेजासमोर भिंतीवर लावले. चार वर्षांच्या हान्सला त्याने तेथून एक पत्र लिहिले. त्यात एका सुंदर बागेचे वर्णन आहे. तेथील मुले झाडांखालची फळे वेचतात, सोन्याचे लगाम व रुप्याचे खोगीर असलेल्या लहान घोड्यांवर बसतात, आणि प्रार्थना करणाऱ्या व शिकणाऱ्या मुलांस तेथे प्रवेश मिळतो. बादशहाच्या दरबारात मंडळीचे भवितव्य ठरत असता हा मनुष्य पोरासाठी घोड्यांच्या गोष्टी लिहीत होता.

प्रवासाहून येताना लेकरांस काहीतरी आणावे, ही बापाची रीत सर्व देशी सारखीच. सन १५३२ साली लूथर टोरगाऊ येथे गेला असता तेथे जत्रा भरली होती, तरी मनाजोगता खाऊ वा खेळणे मिळेना. तेव्हा त्याने घरी लिहिले की, आपण रिकाम्या हाताने आलो तर लाज राहावी म्हणून बाईनेच काहीतरी काढून तयार ठेवावे! नाताळासाठी त्याने आपल्या लेकरांकरिता एक गीत रचले. ते सन १५३५ साली छापले गेले व आजही जर्मन मंडळ्यांत गातात. मेणबत्त्यांनी उजळलेल्या झाडाभोवती लूथराचे कुटुंब बसले आहे, असे एक चित्र पुष्कळ ठिकाणी आढळते. ते मात्र सुमारे तीनशे वर्षांनंतर काढलेले आहे, आणि त्याच्या घरी असे झाड होते ह्यास काही आधार नाही.

सन १५४२ साली हान्स टोरगाऊच्या शाळेत गेला. थोड्याच दिवसांत तेरा वर्षांची मग्दालेना अंथरुणास खिळली. तिचा भावावर फार जीव. त्यास पाहण्याचा तिने ध्यास घेतला. लूथराने गाडी पाठविली, परंतु बहीण अत्यवस्थ आहे हे हान्सला कळू देऊ नये असे शिक्षकास कळविले. भाऊ आला व भेट झाली. बापाने तिला विचारले की, ती ह्या बापाजवळ राहण्यास जशी राजी आहे तशी स्वर्गातील पित्याकडे जाण्यासही राजी आहे काय? तिने देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असे उत्तर दिले. ता. २० सप्टेंबर रोजी बापाच्या हातांवर तिने प्राण सोडला. लूथर गुडघे टेकून रडत होता. आई खोलीत असूनही शोकामुळे पलंगापासून दूर उभी होती. पुनरुत्थानाविषयी आयुष्यभर उपदेश करणाऱ्या त्या पुरुषाने मित्रास कळविले की, लेक सुटली म्हणून आपण आभार मानावेत, पण हृदय फाटते आहे व ते आवरण्याची शक्ती आपणांत नाही.

हान्स शाळेत परत गेला खरा, पण त्याचे मन लागेना. आईने निघताना त्यास बरे न वाटल्यास परत ये असे सांगितले होते, हे त्याने धरून ठेवले. नाताळच्या दिवसांत त्याची पत्रे आली. लूथराने उलट लिहिले की, आईचे म्हणणे दुखण्याविषयी होते, घरच्या आठवणीविषयी नव्हे. त्याने रडणे जिंकून अभ्यास करावा. त्या वर्षी त्या घरी नाताळ कसा गेला असेल, हे ज्यांच्या घरचे लेकरू गेले आहे व दुसरे बोर्डिंगात आहे, त्या आईबापांस समजेल.

शेवटचा प्रवास सन १५४६ च्या जानेवारीत घडला. मान्सफेल्डच्या सरदारांचा आपसांतील तंटा मिटविण्यास लूथर आपल्या जन्मगावी, आइस्लेबेन येथे निघाला. वय ६२, प्रकृती क्षीण, कडाक्याचा हिवाळा. बरोबर तिन्ही मुलगे होते. वाटेत हाले येथे नदीस पूर येऊन बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहत होते. पुढे जाता येईना व मागेही फिरता येईना, म्हणून तीन दिवस तेथेच अडकून पडावे लागले. आपणांस पुन्हा बाप्तिस्मा देऊ पाहणारी एक धिप्पाड बाई लाटा व बर्फ घेऊन वाटेत उभी आहे, अशी थट्टा त्याने घरी लिहिली. पुढे गार वाऱ्याने त्यास भोवळ आली. मुलगे मान्सफेल्ड येथे चुलत्याकडे गेले.

इकडे बाईस काळजीने झोप येईना. पत्रांवर पत्रे येऊ लागली. लूथराने उत्तर दिले की, देव जणू सर्वसमर्थ नाही अशी ती काळजी करते. आणि तिने काळजी आरंभिल्यापासून आपल्या खोलीच्या दाराशी आग लागली व छताचा एक मोठा दगड डोक्यावर पडता पडता राहिला, तेव्हा आता तिने काळजी पुरे करावी! ता. १४ फेब्रुवारीस त्याने लिहिले की, तंटा मिटला आहे, ह्याच आठवड्यात घरी येण्याची आशा आहे. सोबत सरदारीणबाईने भेट दिलेले मासेही त्याने घरी पाठविले. ता. १८ रोजी पहाटे तो मरण पावला. मार्टिन व पौल हे दोघे मुलगे जवळ होते. बाईस शेवटची भेट मिळाली नाही; चार दिवसांनी विटेनबर्ग येथे आले ते त्याचे प्रेत.

लूथराने आपल्या मृत्युपत्रात सर्व काही पत्नीस दिले होते, पण ते कायद्याप्रमाणे लिहिलेले नसल्याने तिला पुष्कळ त्रास सोसावा लागला. लगेच लढाई पेटली. ती लेकरांस घेऊन पळाली, परत आली तो शेतीवाडी उद्ध्वस्त झाली होती. तिने कर्ज काढले, विद्यार्थी जेवावयास ठेवले, घर पुन्हा उभे केले. सन १५५२ साली मरी आली तेव्हा ती धाकट्या लेकरांसह टोरगाऊकडे निघाली. वाटेत घोडे बुजले. गाडी आवरावी म्हणून तिने उडी टाकली, ती रस्त्याच्या कडेच्या थंड पाण्याच्या खळग्यात पडली. तीन महिने अंथरुणावर काढून ता. २० डिसेंबर रोजी, नाताळास पाच दिवस असता, ती प्रभूकडे गेली. मार्गारेटा तेव्हा अठरा वर्षांची होती. विटेनबर्गचे विद्यापीठही मरीमुळे टोरगाऊ येथे आले होते, त्याचे शिक्षक व विद्यार्थी प्रेतयात्रेस चालले. त्या गावच्या देवळात तिच्या कबरेचा दगड आहे; त्यावर ती हातात शास्त्र धरून उभी आहे.