आकाश मराठीत समजावणारे शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

नाताळच्या दिवसांत रात्री नेरळचे दिवे मागे टाकून मोकळ्या शेतात उभे राहिले, की डोक्यावर ताऱ्यांचा एक लहानसा झुबका दिसतो. त्या कृत्तिका. नेरळ-वांगणीच्या परिसरात मुंबईहून कितीतरी मंडळी आकाशदर्शनासाठी येतात. आकाशाची ही ओळख मराठी माणसाला त्याच्याच भाषेत करून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. आजच्या रायगड जिल्ह्यातील रेवदंडा, पुढे ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेर पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. त्यांच्या हाताशी वेधशाळा नव्हती. दिवसा शाळा सांभाळून उरलेल्या वेळात जुने ग्रंथ मिळवायचे, ते वाचायचे आणि स्वतः गणित करायचे, हीच त्यांची साधना होती.

१८९२ साली त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शास्त्र न शिकलेल्या वाचकालाही आकाशातील चमत्कार कळावेत, अशा सोप्या मराठीत ते लिहिलेले आहे. तारा स्वतःच्या तेजाने प्रकाशतो, तर ग्रह सूर्याच्या प्रकाशाने उजळतो. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने फिरताना दिसतो, ते क्रांतिवृत्त. त्याचे बारा भाग म्हणजे राशी आणि सत्तावीस भाग म्हणजे नक्षत्रे. ही ओळख एकदा झाली, की आकाश परके राहत नाही.

१८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही सिद्ध केला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात त्यांना आढळला. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्यावरून तो उल्लेख इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा असावा, असे अनुमान त्यांनी काढले. त्याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत.

या बदलाचे कारण अयनचलन. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे डोलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे ताऱ्यांवर बेतलेले वर्ष सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाने ऋतूंच्या मागे पडते. म्हणून सण त्यांच्या ऋतूंतच यावेत यासाठी सायन, म्हणजे संपातापासून मोजलेले, पंचांग स्वीकारावे, असा आग्रह विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी धरला. रूढ पंचांगाविरुद्ध बोलणे तेव्हा सोपे नव्हते, आणि समाजाने त्यांचे म्हणणे स्वीकारलेही नाही.

हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती वाचकांना परका नाही. ईस्टरचा रविवार वसंतसंपात आणि पौर्णिमा यांवरून ठरतो. जुन्या ज्युलियन गणनेत संपाताची तारीख हळूहळू अलीकडे सरकत गेली, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दहा दिवस गाळून ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरविला. तेथे सुधारणेला धर्मपीठाचा अधिकार लाभला होता. दीक्षितांपाशी केवळ गणित आणि लेखणी होती.

१८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, दीक्षितांचे निधन झाले. पुढे १९५७ साली भारत सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचे वर्ष वसंतसंपाताच्या सुमारास, २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला, सुरू होऊ लागले. ते पाहण्यास दीक्षित हयात नव्हते.

आपल्या मुलांना एखाद्या निरभ्र रात्री अंगणात नेऊन कृत्तिका अवश्य दाखवाव्यात, आणि त्यांची ओळख मराठीतच करून द्यावी. या शिक्षकाला तीच खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.