दामोदर कोसंबी : एका व्यापक पदवी-शिक्षणाची गोष्ट

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या मुख्य विषयाच्या बाहेरचे काही विषय शिकणे आता आवश्यक झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात अशा बहुविद्याशाखीय विषयांना ९ श्रेयांक दिलेले आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतिहास का वाचावा, वाणिज्य शिकणाऱ्याने पर्यावरणात का डोकवावे, हा प्रश्न यामुळे गोव्यातील घराघरांत विचारला जातो. मुलांना हा भार वाटतो, पालकांना वेळेचा अपव्यय. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गोव्याच्याच मातीत जन्मलेल्या एका थोर विद्वानाचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. पिता धर्मानंद हे मूळचे सांखवाळचे. बुद्धाच्या शिकवणुकीच्या ओढीने ते तरुणपणी घर सोडून बाहेर पडले आणि नेपाळ, श्रीलंका असा प्रवास करीत पाली भाषेचे अधिकारी पंडित झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा अकरा वर्षांचे दामोदर आणि थोरली बहीण माणिक त्यांच्यासोबत होती. केंब्रिज शहरातील शाळेत दामोदर यांचे शिक्षण झाले. पुढे सायबरनेटिक्सचे जनक म्हणून ख्यातनाम झालेले नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो याच शहरात. शाळेतील गुणवत्ता अशी की हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेतून त्यांना सूट मिळाली. मध्यंतरी काही काळ भारतात राहून जानेवारी १९२६ मध्ये ते पित्यासह पुन्हा अमेरिकेस गेले.

त्या काळचे हार्वर्ड पदवी-शिक्षणाच्या एका मोठ्या प्रयोगातून जात होते. चार्ल्स एलियट अध्यक्ष असताना तेथे विषयनिवडीचे जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य होते. त्याचा परिणाम असा झाला की अनेक विद्यार्थी सोपे विषय वेचून पदवी पदरात पाडून घेऊ लागले. १९०९ साली सूत्रे हाती घेतलेल्या अॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी त्याला शिस्त लावली. पदवीच्या सोळा अभ्यासक्रमांपैकी किमान सहा एका विद्याशाखेत आणि किमान सहा इतर शाखांत विखरून घ्यावेत, अशी ती योजना होती. एका विषयात खोली आणि अनेक विषयांची ओळख, असे दुहेरी उद्दिष्ट तिच्यामागे होते. आज आपल्याकडे प्रमुख विषय, गौण विषय आणि बहुविद्याशाखीय विषय अशी जी विभागणी दिसते, तिचे नाते या विचाराशी जुळते.

कोसंबी यांनी या योजनेतील विस्ताराच्या बाजूचा मनमुराद लाभ घेतला. जॉर्ज बर्कहॉफ या श्रेष्ठ गणितज्ञाने त्यांची कुवत ओळखली होती आणि त्यांनी गणितावरच सारे लक्ष केंद्रित करावे, अशी त्याची इच्छा होती. कोसंबी यांनी ती मानली नाही. गणिताबरोबर त्यांनी नाना विषयांचे अभ्यासक्रम घेतले, युरोपीय भाषांवर प्रभुत्व मिळवले आणि सर्वत्र उत्तम गुण संपादन केले. १९२९ साली त्यांना सर्वोच्च श्रेणीसह कला शाखेची पदवी मिळाली आणि फाय बीटा कॅपा या मानाच्या संस्थेचे सदस्यत्वही लाभले. मात्र पुढील संशोधनासाठी ते हार्वर्डमध्ये राहिले नाहीत. डॉक्टरेटची पदवी न घेताच ते भारतात परतले.

बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी गणिताबरोबर जर्मन भाषाही शिकवली. आंद्रे वेइल या फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून ते अलीगढला गेले आणि तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पिता जेथे पाली शिकवीत, तेथे पुत्र गणित शिकवू लागला. महाविद्यालयीन काळात पेरलेले बीज उगवले ते याच वर्षांत. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्यांना हाताळण्यासाठी प्रत्यक्ष प्रश्न हवा होता. तो त्यांना प्राचीन आहत नाण्यांत सापडला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटते. तक्षशिलेच्या निधीतील आणि अन्य नाणी संवेदनशील तराजूवर एकेक करून तोलून त्यांनी या घटीचे गणित मांडले आणि त्यावरून नाण्यांच्या चलनकाळाचा क्रम लावला. नाणी कोणी पाडली हा प्रश्न त्यांना इतिहासाकडे घेऊन गेला, आणि इतिहासासाठी मूळ साधने वाचणे भाग असल्याने ते संस्कृताकडे वळले. भर्तृहरीच्या शतकत्रयीची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ आला. दरम्यान, १९४४ साली लिहिलेल्या चार पानी निबंधात त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले. पिकांच्या वाणांवर संशोधन करणारे आजही ते त्यांच्याच नावाने वापरतात.

गोव्याचा त्यांना विसर पडला नव्हता. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण जुन्या काबिजादीतील गावकरी व्यवस्थेवर आहे. जमिनीची सामाईक मालकी, तिचे उत्पन्न, वर्णव्यवस्था आणि दैवते यांची एकमेकांत गुंतलेली वीण त्यांनी तेथे उलगडून दाखवली. हिशेबाची दृष्टी, भाषांचे ज्ञान आणि गावाशी असलेले रक्ताचे नाते एकत्र आल्याशिवाय असे लेखन होत नाही.

या विस्ताराची किंमतही त्यांनी मोजली. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले आणि पुणे-मुंबई असा रेल्वेप्रवास वर्षानुवर्षे करीत राहिले. इतर विषयांत त्यांचा वाढता वावर काही गणितज्ञांना रुचला नाही. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार करण्याची त्यांची भूमिकाही सत्तावर्तुळाला मानवणारी नव्हती. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा त्यांचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला, पण तो टिकला नाही. १९६२ साली संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. २९ जून १९६६ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

म्हणून त्यांच्या चरित्रातून अनेक विषयांना नुसता स्पर्श करावा, एवढाच बोध घेणे चुकीचे ठरेल. कोसंबी यांच्यापाशी गणिताचा पक्का पाया होता. नाण्यांकडे ते गेले ते तराजू आणि सूत्रे घेऊन. जेथे सिद्धतेचा काटेकोरपणा कमी पडला, तेथे विद्वत्तेचा विस्तार त्यांच्या मदतीला आला नाही. लॉवेल यांच्या योजनेत एका विषयाची खोली आणि इतरांचा विस्तार यांना सारखेच वजन होते, त्याचे कारण येथे उमगते.

उपचारांसाठी वा शिक्षणासाठी हुबळी-धारवाडला जाणाऱ्या गोमंतकीयांना अमरगोळ हे नाव ऐकून ठाऊक असेल. दोन शहरांमधल्या या गावात शंकरलिंग आणि बनशंकरी यांची चालुक्य शैलीतील जुनी मंदिरे आहेत. लगतच्या नवनगरात कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कायद्यासोबत सामाजिक शास्त्रेही अभ्यासावी लागतात. त्यातील इतिहासाची तासिका केवळ गुणांपुरती उरकली, तर जवळचे मंदिर दगडांचा ढीग राहते. तीच मनापासून शिकली, तर देवस्थानाची जमीन कोणी दिली, ती कोण कसत असे आणि तिच्यावर हक्क कोणाचा, असे प्रश्न उभे राहतात. ते इतिहासाचे प्रश्न आहेत आणि कायद्याचेही. गोव्यातील गावकरीच्या जमिनींचा वाद समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच वाट चालावी लागेल.

गोवा सरकार २००८ पासून कोसंबी यांच्या नावाने विचार महोत्सव भरवते. तेथील व्याख्यानांना गर्दी होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांचे खरे स्मरण महाविद्यालयाच्या वेळापत्रकात व्हायला हवे. मुख्य विषयाबाहेरचा तास हा उरलेल्या वेळेत, उरलेल्या शिक्षकाकडून उरकण्याचा भाग ठरला, तर ९ श्रेयांक गुणपत्रिकेत जमा होतील आणि विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागणार नाही. तो तास त्या विषयाच्या उत्तम शिक्षकाकडे सोपवला, विद्यार्थ्याला जवळच्या गावातला एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाताळायला दिला, तर हा बदल सार्थकी लागेल. तेवढी तयारी गोव्यातील महाविद्यालयांनी आणि पालकांनी दाखवावी.