भिंतीपलीकडची घंटा

उन्हाळी सुट्टीत मी भोपाळला, साकेत नगरात मामांकडे गेलो होतो. रिक्षातून आईशी बोलत होतो. फोन जवळच्या टॉवरांचा सिग्नल मोजत राहतो आणि संभाषण एका टॉवरकडून अधिक जोरदार टॉवरकडे सोपवले जाते. म्हणून वाटेत खंड पडला नाही. मामांच्या आतल्या खोलीत शिरलो मात्र, आवाज तुटला. भिंती! तेव्हा जगदीशचंद्र बोस आठवले.

१८५८ साली जन्मलेले जगदीशचंद्र इंग्लंडहून परतून १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला, म्हणून तीन वर्षे त्यांनी पगारच घेतला नाही. शिकवणे चालू ठेवले. घरी वडिलांचे कर्ज होते. आम्हा वाणिज्यवाल्यांना हा हिशेब पटणे कठीण! अखेर थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला, आणि त्यातूनच कर्ज फिटले.

१८९५ मध्ये त्यांनी बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. पुढे त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरीही हाताळल्या. पेटंटाची त्यांना ओढ नव्हती. १९०४ चे अमेरिकन पेटंट मित्रांच्या आग्रहाने निघाले. तेही त्यांनी तसेच संपू दिले. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था उभारली. १९३७ मध्ये गिरिडीह येथे ते वारले.