विश्लेषण : शर्यतीआधीच घोडा पारखणारे टॉम स्मिथ कोण होते? ‘सीबिस्किट’चा फॉर्म त्यांनी कसा ओळखला?

अमेरिकेत बोस्टनच्या सफोक डाउन्स रेसकोर्सवर २९ जून १९३८ रोजी तुफान गर्दी उसळली होती. ‘सीबिस्किट’ आणि ‘वॉर अ‍ॅडमिरल’ हे त्या काळातील दोन सर्वाधिक गाजलेले घोडे प्रथमच एका शर्यतीत उतरणार होते. पण ऐन वेळी सीबिस्किटचे नाव मागे घेण्यात आले. त्याच्या पायात दुखापत आढळली होती. प्रेक्षकांचा हिरमोड झाला, वृत्तपत्रांनी टीका केली. ट्रेनर टॉम स्मिथ मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले. चारच महिन्यांनी हा निर्णय किती मोलाचा होता, हे साऱ्या देशाने पाहिले.

टॉम स्मिथ कोण होते?

स्मिथ यांचा जन्म १८७८ मध्ये जॉर्जिया राज्यात झाला. त्यांचे उमेदीचे दिवस अमेरिकेच्या पश्चिम भागात जंगली घोडे माणसाळवणे, गुरे हाकणे आणि घोड्यांना नाल ठोकणे यांत गेले. पुढे मोटारींचा जमाना आला आणि असे काम करणाऱ्यांची गरजच कमी झाली. पन्नाशी उलटली तरी रेसिंगच्या दुनियेत त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. १९३०च्या दशकाच्या मध्यास सॅन फ्रान्सिस्कोचे धनाढ्य मोटारविक्रेते चार्ल्स हॉवर्ड यांनी त्यांना आपला ट्रेनर नेमले. ज्या मोटारींनी घोड्यांचे दिवस संपवले, त्याच मोटारींच्या पैशातून स्मिथ यांना दुसरी संधी मिळाली. ते इतके अबोल होते की पत्रकारांनी त्यांना ‘सायलेंट टॉम’ हे नाव दिले.

सीबिस्किटमध्ये त्यांना काय दिसले?

कागदावर पाहिले तर फारसे काही नव्हते. १९३३ मध्ये जन्मलेला हा घोडा विख्यात ‘मॅन ओ’ वॉर’चा नातू होता. पण ठेंगणा आणि गुडघ्यात अवघडलेला. दोन वर्षांचा असताना त्याला एकाच हंगामात तब्बल ३५ वेळा पळवण्यात आले आणि पहिल्या १७ शर्यतींत तो हरला. १९३६ च्या उन्हाळ्यात स्मिथ यांनी त्याला सफोक डाउन्सवरच पहिल्यांदा पाहिले. निकालांच्या नोंदींपेक्षा त्यांनी घोड्याच्या अंगाकडे आणि स्वभावाकडे लक्ष दिले. हा घोडा कमकुवत नाही, तर थकलेला आणि चिडलेला आहे, असे त्यांचे मत झाले. त्या ऑगस्टमध्ये हॉवर्ड यांनी तो अवघ्या आठ हजार डॉलरना विकत घेतला.

तबेल्यात आला तेव्हा सीबिस्किट अशक्त होता, चंदीला तोंड लावत नव्हता आणि ठाणात सतत येरझाऱ्या घालत होता. स्मिथ यांनी चाबूक आणि सक्ती बाजूला ठेवली. त्याला हवे तेवढे झोपू दिले, पायांना मालिश करून पट्ट्या बांधल्या आणि सोबतीला ‘पम्पकिन’ नावाचा शांत घोडा दिला. सोबती मिळाल्यावर सीबिस्किट निवळला, खाऊ लागला. १९३७ मध्ये तो अमेरिकेत वर्षभरात सर्वाधिक बक्षिसे मिळवणारा घोडा ठरला.

घोड्याचा फॉर्म कसा जोखतात?

शर्यतीआधी ट्रेनर सर्वप्रथम पाय पाहतो. गुडघ्याखालच्या भागावरून हात फिरवताना कुठे ऊब किंवा सूज लागली, तर ती इजेची खूण असते. एक पाय जपून टाकला जातो का, हे चालीतून कळते. रात्रीची चंदी उरली असेल, शर्यतीआधीच अंगाला फेस येत असेल किंवा कान मागे पडलेले असतील, तर घोडा ठीक नाही असे समजावे.

शर्यतीनंतरची पाहणी तितकीच महत्त्वाची. श्वास किती वेळात पूर्ववत होतो, घोडा लगेच खातो का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय थंड आहेत का, यावरून त्या धावेची खरी किंमत कळते. जिंकलेला घोडा लंगडत बाहेर आला तर तो विजय महागात पडतो. उलट, हरलेला घोडा ताजातवाना असेल, तर पुढच्या शर्यतीची आशा वाढते.

घोडा वारंवार मागे का घेतला?

वॉर अ‍ॅडमिरल हा १९३७ चा ‘ट्रिपल क्राऊन’ विजेता. दोघांची एक लाख डॉलरची समोरासमोर शर्यत ३० मे १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर ठरली होती. मात्र सीबिस्किटचे गुडघे दुखत असल्याने ती काही दिवस आधी रद्द झाली. त्यानंतर महिन्याभरातच सफोक डाउन्सची माघार घडली. सीबिस्किट घाबरतो, अशी कुजबुज सुरू झाली. आणखी एक अडचण वजनाची होती. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर जास्त वजन लादले जाते. १९३८ च्या सांता अनिता हँडिकॅपमध्ये सीबिस्किटवर १३० पौंड, तर ‘स्टेजहँड’वर अवघे १०० पौंड होते. सीबिस्किट नाकभर अंतराने हरला. दुखऱ्या पायांवर असा भार टाकण्याचा धोका स्मिथ यांना पत्करायचा नव्हता.

पिम्लिकोमध्ये काय घडले?

अखेर १ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिम्लिको रेसकोर्सवर सामना झाला. अंतर सुमारे १.९ किलोमीटर होते. वॉर अ‍ॅडमिरलला स्टार्टिंग गेटचा तिटकारा असल्याने चालत येऊन घंटेवर सुटायचे ठरले. सुरुवातीची झेप हे वॉर अ‍ॅडमिरलचे बलस्थान होते. स्मिथ यांनी तयारी केली ती नेमकी त्याचीच. त्यांनी स्वतः एक घंटा बनवली आणि तिच्या आवाजावर झटक्यात सुटण्याची सवय सीबिस्किटला लावली. शर्यत सुरू होताच सीबिस्किट पुढे निघाला. अर्ध्या वाटेत प्रतिस्पर्धी बरोबरीला आला. पण शेवटी सीबिस्किटने चार लेंग्थनी बाजी मारली. रेडिओवर सुमारे चार कोटी लोक ही शर्यत ऐकत होते, असा अंदाज सांगितला जातो.

दुखापतीनंतर पुनरागमन कसे झाले?

फेब्रुवारी १९३९ मध्ये सांता अनितावर धावताना सीबिस्किटच्या पुढच्या पायाचे अस्थिबंधन दुखावले. कारकीर्द संपली, असेच बहुतेकांना वाटले. कॅलिफोर्नियातील हॉवर्ड यांच्या रिजवूड रँचवर तो बरा होत होता. पाय मोडलेला त्याचा जॉकी रेड पोलार्डही तिथेच सावरत होता. स्मिथ यांनी घाई केली नाही. फेब्रुवारी १९४० मध्ये परतल्यावर पहिल्या शर्यतीत सीबिस्किट तिसरा आला आणि पुढची शर्यतही हरला. पण पाय टिकले होते. त्यानंतरची शर्यत त्याने जिंकली आणि २ मार्च रोजी पोलार्डनेच १३० पौंड वजनासह त्याला सांता अनिता हँडिकॅप जिंकून दिली. एकूण ४,३७,७३० डॉलरची विक्रमी कमाई करून तो निवृत्त झाला.

कारकिर्दीला डाग कसा लागला?

१९४५ मध्ये स्मिथ यांच्या तबेल्यातील मोतद्दाराने शर्यतीआधी एका घोड्याच्या नाकात इफेड्रिनचा फवारा मारल्याचे आढळले. नियमानुसार जबाबदारी ट्रेनरची असल्याने त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. घोड्याची तब्येत जपण्यासाठी टीका झेलणाऱ्या माणसावर घोड्याला औषध दिल्याचा ठपका बसला. बंदी संपल्यावर ते परतले आणि १९४७ मध्ये त्यांच्या ‘जेट पायलट’ने केंटकी डर्बी जिंकली. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकी रेसिंगच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळाले ते थेट २००१ मध्ये. मोठ्या शर्यतीत घोडा केव्हा उतरवायचा यापेक्षा केव्हा उतरवायचा नाही, हे ठरवणे अधिक कठीण असते. स्मिथ यांचे मोठेपण त्यातच होते.