जोडताऱ्यांचा वेध घेणारे वेणू बाप्पू

शिमग्याच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास नार्नूरच्या शिवारात दक्षिणेकडे तोंड करून मी उभा राहतो. क्षितिज मोकळे असेल तर अगस्तीचा तेजस्वी तारा दिसतो. त्याच्या डावीकडे, थोडा वर, गॅमा वेलोरम हा तारा आहे. तो पाहिला, की मला डॉ. वेणू बाप्पू आठवतात.

बाप्पूंचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासला झाला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत होते, त्यामुळे दुर्बिणीचा सहवास बालपणापासूनच लाभला. आपला आदिलाबाद जिल्हाही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले. तेथे १९४९ साली सहकाऱ्यांसह त्यांना एक नवा धूमकेतू सापडला आणि १९५२ साली डॉक्टरेट मिळाली. परदेशात नाव झालेले असतानाही ते मायदेशी परतले. नैनितालनंतर १९६० साली ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले.

वूल्फ-राये जातीचे तारे हा त्यांच्या आवडीचा विषय. हे तारे अतितप्त असून आपलाच वायू वेगाने बाहेर फेकत असतात. असा तारा एकटा असेल तर त्याचे वस्तुमान थेट मोजता येत नाही. जोडीदार असेल तर परस्परांभोवतीच्या फेऱ्यांवरून ते काढता येते. म्हणून तारा एकटा की दुकटा, हा प्रश्न कळीचा ठरतो. वर्णपटातील रेषा नियमाने मागेपुढे सरकतात, यावरून बाप्पू व त्यांच्या सहकाऱ्याने साठच्या दशकात गॅमा वेलोरमच्या जोडीची कक्षा काढली. एका फेरीस सुमारे ७८.५ दिवस लागतात.

अशा ताऱ्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो आणि तो आपले वातावरण अडवते. जमिनीवरील दुर्बिणीचा तेथे इलाज चालत नाही. १९७१ साली कोडाईकनालच्या वेधशाळेतून भारतीय ताराभौतिकी संस्था ही स्वायत्त संस्था आकारास आली आणि बाप्पूंनी ती बंगळूरला नावारूपास आणली. कावलूर येथील २.३४ मीटरची दुर्बीण मात्र त्यांना पुरी झालेली पाहता आली नाही. १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिचमध्ये त्यांचे निधन झाले. १९८६ साली त्या दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले.

पुढे २०१५ साली ॲस्ट्रोसॅट उपग्रह अवकाशात गेला. त्यावरील अतिनील दुर्बीण याच संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली होती. तिच्या प्रतिमांत एका जुन्या तारकागुच्छातील तारा अपेक्षेहून अधिक अतिनील प्रकाश देताना आढळला. त्याच्यापाशी दडलेला तप्त जोडीदार २०१६ साली असा उजेडात आला.

माझ्याजवळ दुर्बीण नाही. नुसत्या डोळ्यांना गॅमा वेलोरम अजूनही एकटाच दिसतो. पण तो एकटा नाही, हे मला आता ठाऊक आहे.