पीट मॅराविच : विक्रमवीर गार्ड आणि प्रशिक्षक पिता

अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वोच्च विभागातील सर्वाधिक गुणांचा विक्रम आजही पीट मॅराविच यांच्या नावावर आहे. ८३ सामन्यांत ३,६६७ गुण, म्हणजे सामन्यागणिक सरासरी ४४.२. त्या काळी तीन गुणांची रेषा अस्तित्वात नव्हती आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभाही नव्हती. तरीही त्या तीन वर्षांत त्यांचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत एकदाही पोहोचला नाही. त्यांच्या खेळाचे मूल्यमापन करताना ही विसंगती टाळता येत नाही.

२२ जून १९४७ रोजी पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या पीट यांचे पहिले प्रशिक्षक त्यांचे वडील प्रेस मॅराविच हेच होते. चेंडूवरील हुकमतीसाठी प्रेस यांनी मुलाकडून बालपणापासून कसून सराव करून घेतला. १९६६ मध्ये प्रेस यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाची धुरा स्वीकारली आणि मुलालाही तेथेच आणले. पीट नवोदितांच्या संघात असताना, पहिल्या हंगामात मुख्य संघाला अवघे तीन विजय मिळाले, तर २३ पराभव पत्करावे लागले.

त्यानंतर सारा खेळ पीट यांच्याभोवती गुंफला गेला. गार्ड म्हणून चेंडू पुढे नेणे, सहकाऱ्यांना अनपेक्षित पास देणे आणि स्वतः बास्केट साधणे, ही तिन्ही कामे त्यांच्याकडे होती. सामन्यागणिक ते सरासरी ३८ प्रयत्न करीत. अन्य प्रशिक्षकाने गार्डला इतकी मोकळीक क्वचितच दिली असती. तिची किंमतही होती. १९७० मध्ये केंटकीविरुद्ध पीट यांनी ६४ गुण नोंदविले, तरी सामना संघाने गमावला. मात्र त्याच हंगामात संघाने २२ विजय मिळविले व न्यूयॉर्कमधील राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेत चौथे स्थान पटकावले. पिता-पुत्रांच्या या जोडीने तळाचा संघ वर आणला. शिखर मात्र दूरच राहिले. पीट यांच्यानंतर दोनच वर्षांत प्रेस यांना पद सोडावे लागले.

व्यावसायिक स्पर्धेत पीट अटलांटा व न्यू ऑर्लिन्सकडून खेळले. १९७६-७७ च्या हंगामात सामन्यागणिक ३१.१ गुणांसह ते अग्रस्थानी होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने खेळ मंदावला आणि १९८० मध्ये विजेतेपदाविनाच ते निवृत्त झाले.

१९८७ मध्ये त्यांना बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, त्याच वर्षी कर्करोगाने पित्याचे निधन झाले. ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे मित्रांसमवेत खेळताना पीट कोसळले. ते ४० वर्षांचे होते. हृदयाला रक्त पुरविणारी डावी मुख्य धमनी त्यांना जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात स्पष्ट झाले.

२०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटवान डेव्हिस ३,६६४ गुणांपर्यंत पोहोचला. त्यासाठी त्याला १४४ सामने लागले, आणि विक्रम तीन गुणांनी हुकला.