पॅट्रिक गेडिस आणि नदीकाठची गावे

नदीकाठच्या लहान गावाचा विकास आराखडा करावयाचा म्हटले की बहुधा प्रथम पट्टी हातात घेतली जाते. जुन्या पेठेतून रुंद रस्ता आखला जातो, त्याच्या आड येणारे वाडे आणि पार ‘बाधित’ या सदरात जमा होतात, आणि ज्या नदीमुळे गाव वसले ती नकाशाच्या कडेला एका निळ्या पट्टीपुरती उरते. घाटाला सिमेंटचा गिलावा मिळाला की वारशाचे जतन झाले, असेही समजण्यात येते. या रीतीला शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी अत्यंत ठामपणे विरोध केला ते व्यवसायाने अभियंता नव्हते, वास्तुविशारदही नव्हते. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. सर पॅट्रिक गेडिस यांच्या आयुष्याची दहा वर्षे भारतात गेली, आणि त्यांपैकी पाच मुंबई विद्यापीठात.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडातील बॅलेटर येथे जन्मलेल्या गेडिस यांचे बालपण टे नदीवरील पर्थ या गावी गेले. घराभोवती बाग, वर टेकडी आणि खाली वाहती नदी. टेकडीवर चढले की नदी, गाव आणि शेते एका दृष्टीत येत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद घेतला तर खाणकामगार, लाकूडतोडे, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी आणि कोळी यांची वस्ती उंचीप्रमाणे कशी उतरत येते हे दिसते, आणि गाव म्हणजे या सर्व धंद्यांची गाठ होय, हा सिद्धान्त त्यांनी पुढे मांडला. त्याचे बीज या बालपणात पडले असावे.

एडिंबरो विद्यापीठ त्यांनी आठवडाभरातच सोडले आणि लंडनला हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना डोळ्यांना विकार जडून काही काळ अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. सूक्ष्मदर्शकाखालचे संशोधन त्यामुळे जवळजवळ संपले. विज्ञानाची हानी झाली असेल. नगररचनेचा मात्र लाभच झाला. १८८६ मध्ये त्यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला, आणि हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, बकाल वस्तीत जाऊन राहिले. सुस्थितीतील लोक ज्या गल्ल्या सोडून नव्या भागात गेले होते, तेथे या प्राध्यापकाने भिंती रंगविल्या, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली. अगदी मोडकळीस आलेले तेवढे घर काढावे, बाकीची दुरुस्त करावीत, हा त्यांचा क्रम. याच पद्धतीला त्यांनी पुढे राखून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली.

या विचाराची खरी कसोटी डनफर्मलिन या छोट्या गावी लागली. स्कॉटलंडच्या राजांची ही जुनी राजधानी. येथील मठात रॉबर्ट ब्रूस याची समाधी आहे, आणि गावाची पोटापाण्याची कीर्ती लिननच्या उंची कापडाच्या विणकामाची. हातमागावरच्या एका विणकराचा मुलगा येथून अमेरिकेला गेला आणि पोलादाच्या धंद्यात कुबेर झाला. तो अँड्र्यू कार्नेगी. ज्या जमीनदारी उद्यानात लहानपणी त्याच्या कुटुंबाला प्रवेश नव्हता, तेच पिटनक्रीफचे उद्यान विकत घेऊन त्याने १९०३ मध्ये गावाला दिले आणि सोबत पाच लाख पौंडांचा विश्वस्त निधीही उभारला. विश्वस्तांनी योजना मागितल्या. गेडिस यांनी आधी महिनोन्‌महिने गाव पाहिले, छायाचित्रे घेतली, आणि मग १९०४ मध्ये जो ग्रंथच म्हणावा असा अहवाल सादर केला, त्यात बागेच्या मध्यातून वाहणाऱ्या ओढ्याच्या शुद्धीला अग्रस्थान दिले. ओढ्यात घाण सोडणारे गाव कितीही पुतळे उभारो, ते सुंदर होणार नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. जुनी गिरणी आणि जुनी घरे पाडण्याऐवजी वापरात आणावीत, कारागिरांना तेथे जागा द्यावी, मुलांना निसर्ग शिकण्याची सोय करावी, असे प्रस्ताव एकामागून एक येतात.

विश्वस्तांनी हा अहवाल स्वीकारला नाही. तो खर्चिक आणि अवास्तव वाटला, आणि या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. गेडिस यांना थांबणे ठाऊक नव्हते. ओढा, मठ आणि घरे यांवर न थांबता त्यांनी संग्रहालये आणि सभागृहे यांची रांगच लावली. त्यांचे लेखनही पसरट असे. तथापि पैसा हाताशी असलेल्या संस्थेलाही गाव समजून घेण्याचा सल्ला पचत नाही, हे या प्रकरणातून दिसले.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगररचना-प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी दुसरा संग्रह जमवून पाठविला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरले. त्यानंतर अनेक भारतीय गावांतून ते पायी हिंडले. तलाव आणि विहिरी डासांच्या भयाने बुजवू नयेत, त्यांत मासे सोडून त्या स्वच्छ ठेवाव्यात. वडापिंपळाचे पार तोडू नयेत. देवळापुढील मोकळी जागा रस्त्याला देऊ नये, असे त्यांनी ठिकठिकाणी लिहिले. मराठ्यांच्या जुन्या राज्याची राजधानी तंजावर येथे सरळ रस्त्यांच्या योजनेऐवजी त्यांनी दाखविलेला पर्याय तिच्या खर्चाच्या थोड्या अंशात होणारा होता. येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा आहे. घर पाडल्याची नुकसानभरपाई नगरपालिकेच्या हिशेबात येते. उठविलेले कुटुंब शेजारच्या दाट वस्तीत शिरते आणि धंद्याचे गिऱ्हाईक गमावते, तो खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. गेडिस तो धरीत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर कोसळले. थोरला मुलगा ॲलस्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, आणि भारतात आजारी असलेल्या ॲना यांचाही त्याच वर्षी अंत झाला. पत्नीला मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांनी शेवटपर्यंत कळू दिली नाही. याच सुमारास होळकर दरबारासाठी इंदूरचे काम चालू होते.

इंदूरला प्लेगचे भय होते. दिवाळीची मिरवणूक, ज्या भागातील लोक घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील त्या भागातून जाईल, असे गेडिस यांनी जाहीर करविले. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसाची प्रतिमा होती, लक्ष्मी होती, आणि शुभ्र वस्त्रे नेसलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. दंड न करता साऱ्या शहराने कचरा काढला. १९१८ च्या दोन खंडांच्या अहवालात खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ बागांसाठी राखण्याचा आग्रह आहे. पुढील दशकांत खान नदीचा सांडपाण्याचा नाला झाला, हे इंदूरकर जाणतात.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यासाठी त्यांनीच निवडले. १९२४ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी भारत सोडला. फ्रान्समधील माँपेलिए येथे १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा नियम १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात उतरला आहे. आराखड्यापूर्वी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा करणे आणि प्रारूपावर लोकांच्या हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. परंतु त्या नकाशात निवासी, वाणिज्य, शेती असे जमीन-वापराचे रंग असतात. वाई, पैठण, कऱ्हाड यांसारख्या गावी कोणत्या आडाला उन्हाळ्यात पाणी असते, कोणता ओढा कोठे नदीला मिळतो, पूर कोणत्या पायरीपर्यंत येतो आणि पेठेत कोणाचे दुकान कोणामुळे चालते, याची नोंद त्यात नसते. एडिंबरोत गेडिस असली पाहणी विद्यार्थ्यांकडून करवून घेत. आपल्या महाविद्यालयांतून ती एका सत्रात होऊ शकेल, आणि प्रारूपावर हरकती मागविण्याची मुदत संपण्यापूर्वी नगरपालिकेच्या टेबलावर ठेवताही येईल.